आईच्या हातचं बेअरिंग

कढईत तेल तापल्याचा वास आला की फुलचूरच्या घरातली ती सकाळ आठवते. माझ्या डर्ट बाईकच्या इंजिनातल्या कॅमशाफ्टची दोन्ही बेअरिंगं झिजली होती. "पूरा इंजिन बदलो," म्हणून गोंदियातल्या मिस्त्रीने हात झटकले, पण मी हट्टाला पेटलो. नवी बेअरिंगं शाफ्टवर चढेनात आणि हातोडी मारली तर फुटणार. मग शाफ्ट जरा आक्रसावा म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला आणि बेअरिंगं जरा फुगावीत म्हणून वड्यांच्या कढईत, गरम तेलात सोडली. "काऊन रे, लोखंड तळून राहिला का?" आई ओरडली. पण माझ्या झाऱ्यावरून बेअरिंग दोनदा निसटलेलं पाहून तिनेच सांडशी घेतली, एक उचललं आणि एका दमात शाफ्टवर बसवलं. मग दुसरंही. आजही कोणी म्हटलं, गाडी मस्त चालते, की आई लगेच सांगते, "माह्या हातची आहे."