किती मुक्काम?

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी आमच्या तांड्यात माझ्याइतकी शहाणी दुसरी कुणी नव्हती. असं माझं मत होतं. दिग्रसच्या बाजारातून आणलेला जगाचा नकाशा मी भिंतीला लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लंडन दाखवत असे. शेजारच्या म्हशीला तेवढं दाखवायचं राहिलं.

लंडनचं कारण होतं. तिथं शिकत असलेल्या आमच्यातल्याच एका मुलाचं स्थळ मला सांगून आलं होतं. तो सुटीत आला तेव्हा एका लग्नात मी त्याला पाहिला होता. पंगतीत त्यानं माझ्याकडून तीनदा कढी मागून घेतली आणि एकदाही प्यायला नाही. मला तो फार आवडला.

मुलाचे मामा बोलणी करायला आले. चहा झाला. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लेक देताना आमच्याकडे विचारतात तो पहिला प्रश्न विचारला, "किती मुक्काम?"

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव नेत. दिवसभर चालून बैल रात्री थांबले की एक मुक्काम. शेती करू लागून पिढ्या झाल्या, तरी लेकीचं सासर मुक्कामांतच मोजायचं. पाचाच्या पलीकडे लेक द्यायची नाही, हा बापूंचा कायदा.

मामांनी तोंड उघडलं, तोच मी दारातून पुढं झाले. लंडनच्या होणाऱ्या सुनेनं बैलांचे मुक्काम मोजायचे? छे! नकाशावर दोरा धरून मी सगळं आधीच मोजून ठेवलं होतं.

"मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या विमानतळापर्यंत साडेचार हजार मैल!"

याडीनं, माझ्या आईनं, मागून असा चिमटा काढला की अजून आठवतो.

"भाऊ, तसं नाही, ऐका तं," मामा म्हणाले.

"थांबा नं पावनं. पोरगी शिकेल हाये, बोलू द्या तिले." बापू कौतुकानं बोटांवर मोजू लागले. मैलांचे कोस केले, कोसांचे मुक्काम. "बाप्पा! सव्वादोनशे मुक्काम! दिवायीले निंगाली त आषाढात अखाडीले पोचन. मंग माहेरी कवा येईन, म्हातारी झाल्यावर?"

"विमान लवकर जाते, बापू."

"लवकर म्हंजे किती?"

मी नकाशाकडे वळून पाहिलं. दोऱ्यानं अंतर सांगितलं होतं, वेळ नव्हता सांगितला.

"एकच मुक्काम, भाऊ!" मामा काकुळतीला आले. "संध्याकाळी मुंबईत बसलं, मधात तेल घ्याले उतरते, दुसऱ्या दिवशी लंडन."

"माही पोरगी शिकेल, तुमी स्थळवाले. कोनाचं ऐकू?"

मामांनी आणलेली सोयरिकीची सुपारी परत गेली. माझ्या शिक्षणावर बापूंचा इतका विश्वास होता.

मला बाभुळगावकडे दिली, तीन मुक्कामांवर. नवरा भला मिळाला. पण कढी वाढली की पिऊन टाकायचा.

काही वर्षांनी बापू आजारी पडले, म्हणून मी माहेरी गेले होते. तोवर कुणीतरी विमानात बसून आला होता आणि त्यांना सगळं सांगून गेला होता. खाटेवरून त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, एकच मुक्काम होता म्हंतात तो. खरं हाये का?"

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, "काहीतरीच, बापू. साडेचार हजार मैल. मी सोता मोजले होते."

"तेच म्हनलं," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.