विशाखाचा न थांबलेला प्रश्न

विशाखाबद्दल कुणीतरी लिहायला हवं, असं बरेच दिवस वाटत होतं. दुसरं कुणी लिहीत नाही, म्हणून जमेल तसं मीच लिहितो.

बिलोलीच्या आमच्या वाचनालयात ती दहावीपासून यायची. वडील नरसिंग एसटी डेपोत टायर बसवायचे. खिडकीजवळची खुर्ची तिची. तिथे दुसरं कुणी बसलेलं असलं तर ती काही न बोलता शेजारी उभी राहायची. शेवटी तो माणूसच उठायचा. पुढे लातूरला शिकली. आता नांदेडला खोली घेऊन कॉलेजांचे संगणक सांभाळते. आमच्यासारख्या वीसेक वाचनालयांसाठी तिने पुस्तकांच्या यादीचा नवा प्रोग्राम केला.

आम्हा ग्रंथपालांना फाइल उतरवता येते, पण ती गेली कुठे हे सापडत नाही. म्हणून तिने एकच ओळ पाठवली. ती संगणकाला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत चिकटवून एंटर दाबलं की तिच्या सूचना इंटरनेटवरून येत राहायच्या आणि संगणक येईल ती सूचना पाळत जायचा. मध्ये एक प्रश्न होता : जुनी यादी पुसू का? काही ठिकाणी चाचणीच्या अर्धवट याद्या पडून होत्या, त्यांच्यासाठी तो. मला तिने दोनदा बजावलं होतं की 'नाही' लिहायचं, म्हणजे जुनी यादी नव्यात येईल. मी तशी चिठ्ठीही कळफलकाला चिकटवली होती.

मंगळवारी सकाळी ओळ चिकटवली. प्रश्न दिसला आणि बोट हलायच्या आत वर निघून गेला. नवी यादी उघडली. एकूण पुस्तके : शून्य.

सहा वर्षं एकेक पुस्तक हातात घेऊन नऊ हजार चारशे बारा नोंदी केल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. माझंच बोट कुठेतरी लागलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मी विशाखाला फोन लावला. ती कशालाही हात लावू नका म्हणाली आणि दुपारच्या बसने आली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"काका, काही दाबलं होतं का?"

"आठवत न्हाई, पोरी. दाबलं असंल."

तिने स्वतःचा लॅपटॉप उघडला. खोलीवर तिने प्रत्येक वेळी सूचनांची फाइल आधी साठवून मग चालवली होती आणि प्रश्न दर वेळी थांबला होता. आज तिने आम्हाला सांगितलेल्या पद्धतीने, तीच ओळ चिकटवून पाहिली. प्रश्न थांबला नाही. ती पडद्याकडे बघत बसली आणि एकदम हसली.

"तुमच्या बोटाचा काही दोष न्हाई, काका. इंटरनेटवरून सूचना येतात त्या नळीलाच या प्रोग्रामचं तोंड लागलेलं. उत्तर कळफलकावरून यायला पाहिजे, तर यानं नळीतून आलेली पुढची ओळच उत्तर म्हणून घेतली."

"कोणती ओळ?"

तिने बोट ठेवलं. उत्तर 'हो' असेल तर जुनी यादी पूस, अशी ती ओळ होती.

"हीच. पाळायची सोडून गिळून बसला. मग पुसणार कोण? आणि 'नाही' मिळालंच न्हाई, म्हणून नव्या यादीत काही आलं न्हाई."

तिने आमच्या संगणकावर जुन्या यादीचा कप्पा उघडला. नऊ हजार चारशे बारा. मी खुर्ची ओढून बसलो.

आधी तिने पेनड्राइव्हवर प्रत काढली. सहा वर्षांत ही अक्कल कुठं गेली होती, असं मला विचारलं. चाचणी आम्हाला सांगितलेल्या पद्धतीनेच का केली नाही, असं मी तिला विचारलं. मग तिने प्रश्नाच्या ओळीत एवढंच घातलं की उत्तर फक्त कळफलकावरूनच घ्यायचं. बाकीच्या ग्रंथपालांना जुनी ओळ वापरू नका म्हणून कळवलं आणि मला दुरुस्त केलेली ओळ चिकटवायला सांगितली.

प्रश्न आला आणि थांबला. त्याच्यापुढे छोटी पांढरी रेघ लुकलुकत राहिली. विशाखा म्हणाली, घाई न्हाई, चहा घेऊन या. आम्ही डेपोसमोर चहा पिऊन परत आलो, तरी रेघ तिथेच लुकलुकत होती. मग मी चिठ्ठीकडे बघत सावकाश 'नाही' लिहिलं.