मिलीमीटरचा ट्रेलर

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटालाच काय ते ठाऊक. बाकी सगळे त्याला मिलीमीटर म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्यात वावगं काही वाटत नसे. उलट जरा बरंच वाटे. दारं बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. तयार दार पुढ्यात आलं की तो कोपऱ्यांना काटकोनाचा गुण्या लावायचा, एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकायचा आणि सांध्यांवरून नख फिरवायचा. नख कुठे अडलं की खिशातून लाल खडू निघालाच. दारावर फुली. फुलीचं दार परत, मग सुतार हात जोडो की कपाळ बडवो. "एक मिलीमीटर आज सोडला, तर उद्या हातभर सोडाल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुतार त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण स्वतःच्या घराला दार हवं असलं, की तेच हळूच येऊन विचारायचे, "साहेब, तुमच्या हातून पास झालेलं एखादं आहे का?"

बायको शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन. नवरा असा नाकावर माशी बसू न देणारा आणि ही अघळपघळ, हसरी. दोघांचं कसं जमलं हे शेजाऱ्यांना कोडंच होतं. पण जमलं होतं. तिचे वडील दीपगृहावर दिवा सांभाळायला होते. जन्मली ती तिथेच, समुद्राच्या कडेला, आणि नऊ वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. बारा सेकंदांनी एकदा उजेडाचा पट्टा तिच्या अंथरुणावरून फिरून जायचा. आकडे मोजायला ती त्यावर शिकली. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं: एकदा तिथे जायचं आणि एक रात्र राहायचं.

आता यात अवघड काय? काहीच नाही. सकाळच्या बसला बसलं की दुपारी माणूस तिथे. फक्त तेव्हा घरची गाडी नव्हती, तिथे राहायला सोय नव्हती, परतीची शेवटची बस चारला, आणि दिवा लागणार अंधार पडताना. "दिवसा दीपगृह बघायचं म्हणजे विझलेली चूल बघायची," ती म्हणायची. मग तो म्हणायचा, बघू, करू काहीतरी. बघू-करूमध्ये तीस वर्षं निघून गेली. संसार म्हटला की असं होतंच. त्याबद्दल त्याला फार बोल लावता येणार नाही. बोल लावायचा तो पुढच्यासाठी.

तो रिटायर झाला त्याच वर्षी बायकोच्या हातून कपबश्या फुटायला लागल्या. टेबलाच्या कडेची बशी तिला दिसायची नाही, उंबऱ्याला ठेच लागायची. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून त्याने तिला चारदा झापलंही. मग डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडून आत मिटत येणार, उपाय नाही. "दोन वर्षं धरा. काय बघायचं ते या दोन वर्षांत बघून घ्या."

दोघं गाडीने परत निघाली. घराच्या वळणावर आल्यावर तो म्हणाला, "मी ट्रेलर बांधतो."

"कसला ट्रेलर?"

"लाकडी. छोटा. आपल्या गाडीमागे जोडता येईल असा. आत दोघांपुरतं अंथरूण, मागच्या बाजूला चहाची सोय. थेट दीपगृहाच्या पायथ्याशी नेऊन उभा करू. तुला उशीवरून दिवा दिसला पाहिजे. सहा महिने लागतील, फार तर सात."

ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली. आणि खरं ते सांगायला हवं: तो मनापासून बोलत होता.

घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे काम सुरू झालं. खालचा लोखंडी सांगाडा आणि चाकं वेल्डरने करून आणली. मिलीमीटरने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप धरला, मग दुसऱ्या बाजूने धरला. तीन मिलीमीटरचा फरक. सांगाडा परत. वेल्डर म्हणाला, "अहो, यावर झोपायचंय की विमान उतरवायचंय?" पण मुकाट्याने घेऊन गेला, दुरुस्त करून आणला, पुन्हा मापात एका मिलीमीटरची तूट निघाली, पुन्हा नेला. दोन महिने एवढ्यात गेले.

मग प्लायवूड आलं. पुढून गोलाई, मागे उतरतं छप्पर, दोन बाजूंना दोन खिडक्या. कागदावर फार देखणं दिसत होतं. पण इथे एक गंमत झाली, आणि ती गंमत कुणालाच हसू येण्यासारखी नव्हती. या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर फुल्या मारल्या होत्या. आपल्या स्वतःच्या हातून किती चुकतं हे कळायची पाळी त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आता सुतारही तोच आणि तपासनीसही तोच. सकाळी रंधा मारून फळी बसवायचा, संध्याकाळी सांध्यावरून नख फिरवायचा आणि फुली मारायचा. दुसऱ्या दिवशी ती फळी उपसून नवी. नुसतं दार त्याने पाच वेळा केलं. छपराचं वॉर्निश तर वाळताना त्यावर एक चिलट बसलं म्हणून सगळं घासून काढलं. अति तिथे माती म्हणतात, ती ही.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. बायको भिंतीला हात लावत शेडपाशी यायची. "घोडं कुठे पेंड खातंय?"

"दारापाशी. बिजागरीची बाजू जरा ओढतेय."

"ओढू दे की. आपण काय तिथे दार बघायला जाणार?"

"असं कसं? कडेने वारा येईल आत."

"येऊ दे वारा. वाऱ्यातच वाढले मी."

तो मान हलवायचा आणि पुन्हा पटाशी उचलायचा. तिची नजर तोवर नाण्याएवढी झाली होती. त्या नाण्यातून ती माणसाचा चेहरा तुकड्यातुकड्याने बघायची: आधी डोळा, मग नाक, मग तोंड.

तिची धाकटी बहीण फटकळ. एकदा शेडमध्ये येऊन तिने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, गाडीची मागची सीट पाडा, गादी मी देते, आणि उद्या निघा. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"एवढं केल्यावर तिला सीटवर निजवू?"

"ताईला निजायचं नाहीये. बघायचंय."

हे त्याला लागलं. धाकटीचं बरोबर होतं, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती, आणि त्याला अक्कल होती. पण आत कुठेतरी त्याने एक खूणगाठ बांधली होती: जोवर ट्रेलर पुरा होत नाही, तोवर ती दोन वर्षंही पुरी होत नाहीत. जाऊन आल्यावर बघायचं काय उरणार? मग फक्त अंधारच यायचा राहणार. त्याला त्याची भीती वाटत होती. हे तो कुणाला बोलला नाही. त्यापेक्षा बिजागरी नीट करणं सोपं होतं.

दीड वर्ष होत आलं तेव्हा बायकोने पडदे शिवायला घेतले. दोन खिडक्यांचे दोन पडदे. पूर्वी असलं काम तिने चहा उकळेपर्यंत उरकलं असतं. आता आठ दिवस लागले. सुईत दोरा बोटांच्या अंदाजाने ओवायचा, कापडाची कड अंगठ्याने चाचपत पुढे सरकवायची. झाल्यावर तिने ते घडी करून त्याच्या हातात दिले आणि आत गेली.

त्याने एक पडदा टेबलावर पसरला. पट्टी लावली. खालची दुमड एका टोकाला चार मिलीमीटर उतरली होती.

त्याचा हात खिशाकडे गेला. एकतीस वर्षांची खोड. डोकं कामाला लागायच्या आत हात काम करून मोकळा होतो. त्याने दुमडीवर फुली मारली, पडदा मशीनवर ठेवला आणि शेडमध्ये निघून गेला. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुपारी धाकटी आली होती, बराच वेळ दोघी बहिणी आत होत्या, मशीनचा आवाज आला नाही. पण त्याचं लक्ष रंध्याकडे.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "चार दिवस धाकटीकडे जाऊन येते."

"जा की. येताना पडद्याचं कापड आण. थोडं जास्तच आण."

चार दिवसांनी ती आली. नाकाचा शेंडा उन्हाने सोलला होता. ती दारातच उभी राहिली, चेहरा त्याच्या दिशेने करून, काही सांगायच्या बेतात असल्यासारखी. तो हाताचा भुसा झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "कापड आणलंस का?"

तिने पिशवी पुढे केली. नवे पडदे धाकटीने शिवले. सरळ होते, पास झाले.

ट्रेलर पुरा झाला तेव्हा दोन वर्षं आणि चार महिने होऊन गेले होते. बघायला अख्खी गल्ली लोटली. वेल्डरने सगळ्या सांध्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नाही हो. नाव ठेवायला जागा नाही." खरंच नव्हती. दार बोटाने ढकललं की आवाज न करता बसायचं. मिलीमीटरने शेवटचं नख फिरवलं आणि खडू खिशातच राहिला. धाकटी तेवढी कुंपणापाशी उभी होती. "बैल गेला आणि झोपा केला," ती पुटपुटली. त्याला ऐकू आलं, पण ऐकू आलं नाही असं त्याने दाखवलं. बायकोला तोवर खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच उजेडावरून कळत होतं, तेही भर दुपारी.

तरी ते निघाले. त्याने तिला समोरच्या सीटवर बसवलं, वाटेत काय काय दिसतंय ते सांगत राहिला. ती हं हं करत होती. तिसऱ्या प्रहरी ते दीपगृहाच्या पायथ्याशी पोचले. त्याने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघून ट्रेलर समतल उभा केला, खिडकी बरोबर दिव्याकडे करून. तेवढ्यात पायथ्याच्या खोलीतून दीपगृहाचा चौकीदार बाहेर आला. म्हातारा माणूस, लांबूनच हसत आला.

"या बाई. यंदा बहीण नाही आली?"

मिलीमीटर नळी हातात धरून तसाच उभा राहिला. चौकीदाराने आपला मोर्चा त्याच्याकडे वळवला. "तुम्ही मालक का? गेल्या साली दोघी जणी आल्या होत्या बसने. चार वाजता म्हटलं, बाई, बस सुटेल, तर म्हणाल्या, सुटू दे. तीन रात्री माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर निजल्या. बाई तर निजल्याच नाहीत, उंबऱ्यात बसून होत्या." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. दिव्याची काच पुसायची राहिलीय म्हणत तो आत गेला.

सूर्य बुडाला. दोघं ट्रेलरच्या पायरीवर बसली होती. वर दिवा लागला, आणि उजेडाचा पट्टा पाण्यावरून सरकत येऊन त्यांच्या डोक्यावरून पुढे गेला.

"लागला?" तिने विचारलं.

"लागला." थोड्या वेळाने तो म्हणाला, "कधी आली होतीस?"

"तुम्ही पडद्यावर फुली मारलीत ना, त्या आठवड्यात. मला दिसली नव्हती ती. धाकटीने विचारलं, ताई, हे लाल काय गं? मग तिने माझं बोट धरून त्यावर ठेवलं." तिचा आवाज शांत होता. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "म्हटलं, मी शिवलेलं पास होईतो माझे डोळे काही थांबायचे नाहीत."

"दिसलं का तुला सगळं?"

"दिसलं. नाण्याएवढं, पण दिसलं. तीन रात्री पोटभर बघितलं."

पट्टा फिरून आला आणि गेला. त्याच्या पाठीमागे ते दार होतं, पाच वेळा केलेलं. त्याला रडू येत होतं आणि येत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. घरात पाय टाकल्या टाकल्या सांगणार होते. नाक सोललं होतं, चपलेत वाळू होती. म्हटलं, विचारतील, काय गं, कुठे उन्हात फिरलीस?" ती थांबली. "तुम्ही विचारलंत, कापड आणलंस का."

मग मांडीवर बोटं ठेवून ती हलकेच मोजत राहिली: दहा, अकरा, बारा. पट्टा आला. तिचं तोंड दिव्याकडे नव्हतं, हातभर डावीकडे होतं, जिथे नुसता काळोख होता. त्याने ते पाहिलं. खांद्याला धरून तिला जराशी वळवायला त्याचा हात उठलाही. मग त्याने तो परत मांडीवर ठेवला.