सुधारणेआधीचा फोटो

सांगतो, सगळं सांगतो, पण एका अटीवर. चाकणला आमच्या कंपनीत यातलं अक्षर कळता कामा नये! तिथे मी क्वालिटीत आहे. लोकांच्या चुका शोधायच्या, हीच माझी रोजीरोटी. नवीन पोरं लागली की त्यांना मीच शिकवतो : बिघाड झाला की एकदा 'का?' विचारून थांबायचं नाही. पाच वेळा विचारायचं. खरं कारण पाचव्या 'का'च्या खाली दडून बसलेलं असतं.

आता हे शिकवणाऱ्या माणसाने काय करून ठेवलं, ते ऐका.

आम्ही मूळचे बीडकडचे. निगडीत भाड्याच्या दोन खोल्यांत बारा वर्षं काढली आणि मग चाकणच्या अलीकडे एका गावात दीड गुंठा घेऊन घर बांधलं. जागा विकणारे तात्या गावातले जुने शेतकरी, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहतात. घराच्या पुढच्या खोलीत सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, पिठाची गिरणी.

गिरणी म्हणजे तिची हौस समजू नका हं. इथे आल्यावर वर्षभरात माझी तेव्हाची कंपनी बंद पडली. दहा महिने मी घरी बसून होतो. तेव्हा ताटात जी भाकरी पडली ती या गिरणीची. सुनंदाने एकदाही ते बोलून दाखवलं नाही. मी मात्र विसरलेलो नाही.

तर झालं काय, आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला शेत होतं, ते एका बिल्डरने घेतलं. मुरूम टाकून टाकून पुरुषभर उंच केलं आणि वर सगळं काँक्रीट. शेत होतं तोवर पाऊस जमिनीत मुरायचा. आता तो मुरणार कुठे? यंदा गौरी चार दिवसांवर आल्या होत्या आणि भर दुपारी तासभर धो धो कोसळला. सगळा लोंढा गल्लीत उतरला, आमच्या दारासमोर तुंबला आणि सरळ गिरणीत घुसला.

गिरणीची मोटर जळाली. सणाचे म्हणून बायकांनी दळणाचे डबे रांगेने आणून ठेवले होते, खालच्या ओळीतली सगळी ज्वारी भिजली. सुनंदा डब्यावरचं एकेक नाव वाचत होती आणि एकेकीच्या दारात जाऊन माफी मागत होती. काही चूक नसताना! गौरीच्या सणाला आमच्या घरातली घरघर बंद. घर सुतकी वाटायला लागलं हो.

मग काय, गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी भिंतीवर मोठा कागद चिकटवला आणि स्केचपेन घेऊन बसलो.

गिरणी बंद का? मोटर जळाली. मोटर का जळाली? पाणी शिरलं. पाणी का शिरलं? दारात तुंबलं. दारात का तुंबलं? वरच्या बिल्डरने शेत भरून पाणी आमच्यावर सोडलं!

सापडला की नाही चोर? मी पेनाचं टोपण लावलं.

सुनंदा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "अहो, वरून आलं ते कळलं. पण आलेलं पाणी पुढे का नाही गेलं?"

"अगं, चौथ्यातच उत्तर मिळालं ना! यातलं तुला नाही कळायचं. तू दळण बघ."

"दळण कुठं राहिलंय बघायला?" ती एवढंच म्हणाली आणि आत गेली.

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी फाईल बनवण्यात रंगलो होतो. काय फाईल होती महाराजा! गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या, पाण्याचे फोटो, जळालेल्या मोटरचे तीन बाजूंनी फोटो. शिवाय आमचं घर मुळात किती नीटनेटकं होतं हे दिसावं म्हणून जागा घेतल्यापासूनचे सगळे फोटो. क्वालिटीवाल्याचा पुरावा कमी पडून कसं चालेल?

अर्जावर अर्ज केले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी पाहणीला एक तरुण इंजिनिअर मॅडम आल्या. बिल्डरचा साइट मॅनेजर आला, अख्खी गल्ली जमली. तात्यांना मी साक्षीदार म्हणून खुर्ची देऊन बसवलं. गिरणीच्या दारात सुनंदा उभी होती.

मी तर जोरातच होतो. मॅनेजरकडे बोट दाखवून सगळा पाढा वाचला. तो खाली मान घालून बूट बघत होता. मॅडम फाईल चाळत होत्या. एका पानावर थांबल्या.

"काका, हा फोटो कुठला?"

"आमच्याच घराचा. ही सुधारणा केली ना मी!" मी छाती काढून म्हणालो. "डावीकडे सुधारणेआधी, उजवीकडे सुधारणेनंतर. घराच्या कडेला चार हात पट्टी नुसती पडून होती. चर होता हो कोरडा. मी राडारोडा टाकून बुजवला, वर काँक्रीट केलं, फरशी बसवली. आता तिथे गाडी लागते. पडीक जागा एक इंच ठेवायची नाही, कंपनीत हेच शिकवतो मी."

मॅडमनी फोटोकडे बघितलं, मग गाडीकडे, मग तात्यांकडे.

"तात्या, पूर्वी इथे पाणी यायचं का?"

"येत व्हतं की! वरचं समदं पानी हितनंच उतरायचं."

"मग कुठून जायचं?"

तात्या जरा अवघडले. सज्जन माणूस. माझ्याकडे बघेनात. "आता सायबांची गाडी हुबी हाय ना, तिथनंच जायचं. मागं वढ्याला."

साइट मॅनेजरची मान हळूहळू वर आली.

"तात्या," मी म्हणालो, पण आवाज माझा मलाच ऐकू येईना, "तुम्ही मला सांगायचं ना!"

"सांगितलं व्हतं की, सायेब. खरेदीच्या दिशी. ही पट्टी उगडी ठेवा म्हनलं. तुमी म्हनला, कुठलं पानी तात्या, हितं धूळ उडतीय."

म्हणालो होतो हो. अगदी याच शब्दांत! दुष्काळी मुलखातला माणूस मी. जन्मभर टँकरमागे पळालो. कोरडा चर दिसला, तर ही पाण्याची वाट आहे हे माझ्या डोक्यात यावं कुठून? मला ती फुकट गेलेली जागा दिसली.

मॅनेजर हसायला लागला, तशी मॅडमनी त्याला झापलं. "तुम्ही हसू नका. एवढा भराव टाकलात, पाण्याची सोय केली नाहीत. कडेने गटार बांधा, हे लेखी येईल." मग माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ. "पण काका, त्यांनी गटार बांधलं तरी ते ओढ्याला जाणार तुमच्या गाडीखालूनच. तुमच्या अर्जात पाणी आलं कुठून ते लिहिलंय. अडलं कुठे ते नाही लिहिलं."

हा पाचवा 'का'. बायकोने घरातल्या घरात विचारलेला!

सुनंदाने सगळ्यांना चहा दिला. मॅनेजरलासुद्धा. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बोल की काहीतरी. ओरड तरी."

"मी विचारलं होतं," ती म्हणाली आणि कप विसळायला घेतले.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जिच्या गिरणीने दहा महिने मला पोसलं, तिच्या गिरणीत पाणी मीच घातलं होतं. वर शहाणपणाने फोटोही काढून ठेवले होते.

पुढचे तीन गुरुवार पहार घेऊन मी ती फरशी फोडली. मजूर लावला नाही. तात्या खुर्ची टाकून बसायचे आणि "अजून थोडं खाली, सायेब" म्हणायचे. लेखी आलं, तसं वरचं गटारही झालं. मोटर नवीन बसली. परतीचा पाऊस आला तेव्हा पाणी घराच्या कडेने खळखळत ओढ्याला गेलं. उंबऱ्याला शिवलंसुद्धा नाही. आत गिरणीची घरघर चालू होती आणि मी दारात उभा राहून डोळे पुसत होतो, पावसात कुणाला कळतंय!

सुनंदाने मोबाईलवर त्या चराचा फोटो काढला आणि फाईलमधला जुना फोटो काढून शेजारी धरला.

"घ्या. सुधारणेआधी, सुधारणेनंतर."

दोन्ही फोटो सारखेच! तोच चर, तीच जागा. कंपनीत कुणी असा कागद आणला असता तर मी तो तोंडावर फेकला असता. सवयीने मी विचारूनही बसलो, "अगं, मग यात बदललं काय?"

तिने कमरेला बांधलेलं फडकं सोडलं, माझ्या खांद्यावर टाकलं आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली.

"आता दळण तुम्ही बघा."

दर गुरुवारी बघतोय.