शिवय्याच्या सायकलची सीट

हुलसूरच्या शिवय्याला जन्मात एकाच गोष्टीची धास्ती होती. कुठंतरी मूल जन्मावं आणि आपण वेळेवर पोचू नये. निजाम सरकारच्या अमीनसाहेबाला तो भीत नसे. बायकोला भीत असे, पण तो घरचा मामला झाला.

शिवय्या जंगम होता, आसपासच्या गावांतल्या लिंगायत घरांचा अय्या, म्हणजे गुरू. लग्न आणि घरभरणी ठरवून होतात, तिथं अय्याला सवडीनं जाता येतं. मूल कुणाला विचारून येत नाही. ते आलं की त्याला न्हाऊ घालायचं, अय्यानं विभूती लावून अंगावर लिंग बांधायचं, आणि हे होईपर्यंत आजीनं तोंडात पाणी घ्यायचं नाही, अशी त्याच्या घरांतली रीत. अय्या रस्त्यात दमला की तिकडं एक म्हातारी उपाशी बसलेली असायची. शिवय्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो भरभर चाले. चाळिशी उलटली, उजवा गुडघा कुरकुरायला लागला, आणि पंचाईत झाली.

आदल्या वर्षी ओढ्यापलीकडच्या एका गावात तो पोचला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. कल्याणीकडचे दुसरे अय्या बैलगाडीतून आणून बसवलेले, विधी उरकलेला, पुरणपोळीची पंगत मांडलेली. शिवय्यालाही आग्रहानं बसवलं. त्यानं दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं, आणि परतताना त्याला इतकं वाईट वाटलं की ओढ्याकाठी तो बराच वेळ नुसता बसून राहिला. ते घर तुटलं. एक घर तुटलं की आळीतली बाकीची घरं विचार करू लागतात. असंच चाललं तर वडिलांनी हाती दिलेली गावं आपल्या हातून जाणार, आणि लोक म्हणणार शिवय्या आळशी होता.

सायकल घ्या, असं त्याच्या बायकोनं, रत्नम्मानं, सुचवलं. ह्या वयात पडलो तर लोक काय म्हणतील, असं शिवय्यानं विचारलं. पडला तर उठाल की, असं म्हणून ती भाकरी थापत राहिली.

सायकलीतला जाणकार म्हणजे वीरण्णा, शिवय्याचा लहानपणापासूनचा मित्र. कापडाचे गठ्ठे सायकलवर घालून तो बाजार करी, त्यामुळं सायकलीतलं आपल्याला सारं कळतं असं त्याचं मत होतं, आणि ते तो न विचारताही सांगे. दोघं मोटारीनं बीदरला गेले. दुकानात तीन सायकली होत्या. पहिली हिरवी, सडपातळ, कचेरीत जाणाऱ्या बाबू लोकांची. सडकेवर सुरेख पळेल, असं दुकानदार म्हणाला. वीरण्णानं तिच्या टायरवर अंगठा ठेवून बघितला. टायर अंगठ्याएवढाच होता. काळ्या रानात ही रुतून बसेल आणि अय्या एकटेच पुढं जातील, असा त्यानं निकाल दिला.

दुसरी दोन नळ्यांची, दूधवाल्यांसाठीची. कितीही ओझं घाला, मोडायची नाही. शिवय्यानं ती भर दुकानात खांद्यावर उचलली. ओढ्याला पाणी असलं की सायकलीनं आपल्याला न्यायचं नाही, आपणच तिला न्यायचं, एवढा विचार तो घरून करून आला होता. उचलली खरी, पण खाली ठेवताना गुडघा असा वाजला की दुकानदारालाही ऐकू गेला.

तिसरी मधली. टायर जाड, नळी एक, वजन बेताचं. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट, म्हणजे चिखल अडकला तर काडीनं काढता यावा. ब्रेक सळईचे, गावच्या लोहारानंही ठोकून सरळ करावेत असे. सडकेला चालेल, पाणंदीलाही चालेल. शिवय्याला ती बघताक्षणी आवडली. रंग काळा होता, तोही आवडला. धोतर सावरून त्यानं टांग टाकली, बसला, आणि बसल्याबसल्या खाली उतरला. सीट चामड्याची होती.

दुकानदाराला हसू आवरेना. "सब सीटां चमडेकीच आती, स्वामी," तो म्हणाला. चपला नाही का चामड्याच्या, असं वीरण्णानं समजावून बघितलं. चप्पल दारात काढता येते, शिवय्याचं म्हणणं. सीटवर आपण बसलेलो, आणि छातीवर लिंग. हरणाचं कातडं चालतं, वाघाचं चालतं, पण गाईम्हशीच्या चामड्यावर जंगमानं बसायचं नाही, असं वडिलांनी सांगितलं होतं. वडील सायकली यायच्या आधीच गेले, त्यामुळं त्यांना पुन्हा विचारायची सोय नव्हती. शेवटी सायकल तीच घेतली, सीट दुकानातच ठेवली, आणि हुलसूरच्या सुताराला सागवानी सीट करायला सांगितली. सुतारानं ती इतकी गुळगुळीत घासली की बघणाऱ्यानं हात फिरवावा. हातानं बघायला ती खरंच छान होती.

खळ्यात पंधरवडाभर पडून, उठून शिवय्या सायकल शिकला. सडकेवर तसं ठीक होतं. पण सडक सोडून पाणंदीत उतरलं की उन्हानं वाळलेल्या काळ्या मातीतल्या चाकोऱ्या सुरू होत, आणि प्रत्येक चाकोरी लाकडातून थेट अय्याच्या हाडांपर्यंत पोचे. घोंगडीची घडी घालून बघितली, ती निसटे. यजमानाच्या घरी पाट मांडलेला असे आणि अय्या उभेच राहत. उभ्यानं विभूती, उभ्यानं मंत्र. हा काहीतरी नवा नेम धरलाय असं लोकांना वाटलं, आणि दोन गावांतले म्हातारेही अय्यांबरोबर उभं राहू लागले. खरं काय ते रत्नम्माला ठाऊक होतं. ती रोज मीठ गरम करून शेकायला देई आणि तोंडावर पदर धरून हसे.

पुढं पुढं पाणंद लागली की शिवय्या उतरून चालू लागला. आता गुडघा आणि सायकल अशी दोन ओझी झाली, आणि तो पूर्वीपेक्षाही उशिरा पोचू लागला. एका घरी म्हातारी दिवस कलेपर्यंत उपाशी राहिली. पुढच्या खेपेला कल्याणीला गाडी धाडू, असं तिचा मुलगा पडवीत कुणाला तरी सांगत होता, ते शिवय्यानं उभ्याउभ्या ऐकलं.

घरी येऊन त्यानं हे रत्नम्माला सांगितलं. चामड्याची सीट लावा, ती म्हणाली. ते होणार नाही, तो म्हणाला. मग तिनं विचारलं, "आपल्या मळ्यातली मोट कशाची हाय?"

"चामड्याची. तिचं काय?"

"मोटंचं पानी पाटात, पाटातनं हौदात, हौदातनं घागरीत, आन् घागरीतनं तुमच्या लिंगावर. रोज सकाळी घालायलाव की."

शिवय्या उठला. तो मळ्यात गेला आणि इतकी वर्षं रोज दिसणारी मोट त्यानं नीट बघितली. भक्कम, तेल पाजलेली, सुबक टाके घातलेली. ती निंगप्पानं शिवली होती. निंगप्पा गावातलं चामड्याचं काम करी, आणि त्याचं घर शिवय्याच्या परसाला लागूनच, चिंचेखालून उतरलं की समोर. मोटेचं काम निघालं की शिवय्या त्याला मळ्यात बोलावून घेई. त्या दिवशी पहिल्यांदा तो उतरून त्याच्या दाराशी गेला. अंगणात मात्र शिरला नाही. बाहेरूनच त्यानं सीटचं सांगितलं.

निंगप्पानं सीट केली, आणि शिवय्याच्या आयुष्यातले सुखाचे दिवस सुरू झाले. चामडं बसेल तसं दबे, चाकोरीत थोडं हाले, आणि अय्या ताठ बसून थेट ओढ्यापर्यंत जात. ओढ्यात सायकल खांद्यावर, पलीकडं पुन्हा सायकलवर. पोरांच्या आज्या वेळेवर जेवू लागल्या. जी आळी विचारात पडली होती, तिनं कल्याणीचा नाद सोडला. अय्यांनी उभ्याचा नेम कामून सोडला, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा तो पुरा झाला असं शिवय्यानं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

फक्त एक गोष्ट राहिली होती. सीट झाली त्या दिवशी काय देऊ, असं त्यानं निंगप्पाला विचारलं होतं. निंगप्पानं हातातली आरी खाली ठेवली.

"सून दिवसात हाय, अय्या. ल्येकरू झाल्यावर लिंग बांधायला येताव का? आमी हरळय्याची मान्सं."

हरळय्या म्हणजे जुन्या काळचा, ह्याच कल्याणीचा तो चांभार शिवशरण, ज्यानं बसवण्णांसाठी आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा केल्या. शिवय्या ती कथा दर वर्षी पारावर सांगायचा, आणि सांगताना उपरण्यानं डोळे पुसायचा. निंगप्पा लांब उभा राहून ऐकायचा. त्या दिवशी शिवय्यानं बघू म्हटलं आणि तो सायकल घेऊन निघून आला.

वीरण्णाला विचारलं तर तो घाबरलाच. त्या घरी गेलात तर बाकीची घरं दारं लावून घेतील, मग सायकल कुणाकडं न्यायची, असं त्यानं विचारलं. त्याचं चूक नव्हतं. ज्या गावांसाठी एवढा खटाटोप केला, ती सगळी ह्या एका घरापायी जाऊ शकत होती. रत्नम्मानं या बाबतीत तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि त्याचाच शिवय्याला जास्त त्रास झाला. रोज सकाळी सायकलवर बसताना त्याला निंगप्पाचा प्रश्न आठवे. आपल्याला लाज वाटते आहे, हे त्याला हळूहळू कळलं.

सुगी संपता संपता एका सकाळी निंगप्पाची बायको ईरम्मा परसाच्या कुंपणाशी आली. नातू झाला, एवढंच तिनं रत्नम्माला सांगितलं. या म्हणाली नाही, उत्तरासाठी थांबली नाही. शिवय्या नुकताच पूजेवरून उठला होता. त्यानं रत्नम्माकडं बघितलं, रत्नम्मानं चुलीकडं. मग तो आत गेला, झोळी घेतली, विभूतीची गोळी आणि नवं लिंग घेतलं, आणि सवयीनं सायकलच्या हँडलला हात घातला. तसाच क्षणभर थांबला. जगातल्या सगळ्या घरांत हेच घर त्याला सर्वांत जवळ होतं, आणि त्याच्याच अंगणात तो कधी पोचला नव्हता. सायकल भिंतीला टेकवून तो चिंचेखालून पायीच उतरला.

त्यापायी पुढं कोणकोणती घरं तुटली ते वीरण्णा सांगेल, त्याला ती हौस होती. काही तुटली. बरीचशी राहिली, कारण पोरं मुहूर्त बघून येत नाहीत आणि कल्याणीची गाडी वेळेवर येत नाही. शिवय्या त्या सकाळी यातलं काही मनात आणत नव्हता. तो अंगणात शिरला तेव्हा निंगप्पाला काय करावं सुचेना. त्यानं घोंगडी अंथरली, उचलली, झटकली, पुन्हा अंथरली. शिवय्या तिच्यावर मांडी घालून बसला. ईरम्मा आतून धावत आली आणि अय्याला बघून दारातच थबकली.

"पानी तापायलंय अजून, अय्या," ती म्हणाली. "ल्येकराला न्हायला घालायचंय. थांबावं लागल."

"तापू दे. मी बसलोय," शिवय्या म्हणाला.

आजवर पोरांनी अय्याची वाट बघितली होती. त्या सकाळी अय्या पोराची वाट बघत बसला, आणि त्याला फार बरं वाटलं.