चौदा हिरवे दिवे

आमच्या यांना कुठेही न्या, हा माणूस आधी दिवे मोजतो. माझ्या भाचीच्या लग्नात सगळे जेवायला बसले आणि हे आपले हॉलच्या मधोमध मान वर करून उभे. भाचीच्या सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "त्यांना काही हवंय का?" म्हटलं, "नाही हो. तिसऱ्या ओळीतला सहावा दिवा बंद आहे, तो कुणाला सांगावा या विचारात आहेत." त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

एकतीस वर्षं हे आमच्या जुन्या विमानतळावर धावपट्टीचे दिवे सांभाळायला होते. दोनशे बारा दिवे. रोज ऊन कलायला लागलं की जीप काढायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, प्रत्येक दिव्यापाशी उतरून काच पुसायची आणि शेवटी डायरीत लिहायचं, 'सर्व चालू.' पुसायची फडकी माझ्याकडून न्यायचे, कारण मी घरी शिवणकाम करते आणि चिंध्यांना आमच्याकडे तोटा नाही. विमानतळावर यांना कधी कुणी नावाने हाक मारली नाही. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे हे 'दिवेवाले'.

आणि अशा माणसाला बावीस वर्षांपूर्वी मेमो मिळाला. एका कॅप्टनने विमान उतरवल्यावर लेखी तक्रार केली की धावपट्टीच्या सुरुवातीला जे चौदा हिरवे दिवे असतात, त्यातले डावीकडचे तीन बंद होते. यांनी ते चौदाही तासाभरापूर्वीच पुसले होते. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, तर चौदाही लख्ख! साहेब म्हणाले, गुपचूप बदलले असणार. झालं. 'कामात हलगर्जी' असा कागद हातात ठेवला. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," आणि सगळे हसले.

हे घरी आले, चपला काढल्या आणि एवढंच म्हणाले, "अगं, दिवे चालू होते."

"मला काय सांगता? त्या कॅप्टनला जाऊन सांगा!"

पण भांडण यांच्या रक्तातच नाही. मेमोची घडी करून कपाटात शर्टांच्या खाली ठेवून दिली. माझ्या रक्तात मात्र भांडण भरपूर आहे. मी त्या कॅप्टनला इतकी वर्षं मनातल्या मनात लाखोली वाहिली. उंटावरून शेळ्या हाकणारा मेला! वरून आला, बोट दाखवलं, निघून गेला. आणि इथे माझा नवरा वर्षातून दोनदा तरी भाजी निवडता निवडता मध्येच थांबून म्हणतो, "चालू होते गं."

पुढे गावाबाहेर नवा विमानतळ झाला, जुना पाडला. आता तिथे बाजार आहे आणि सहा मजली इमारती आहेत. हे निवृत्त झाले, आणि लेकीने आपला कॉम्प्युटर यांना आणून दिला. त्यात घरबसल्या विमान उडवायचा सिम्युलेटर होता. तिला वाटलं, बाबांचा जन्म विमानतळावर गेला, त्यांना आवडेल. यांनी पहिल्याच दिवशी पाच विमानं पाडली आणि उडवायचा नाद सोडला. मग आपलं गाव शोधलं. आमच्या विमानतळाच्या जागी एक करडी पट्टी आणि दोन खोकी!

"हा आपला विमानतळ?" यांचा आवाज असा चढलेला मी लग्नापासून दोनदाच ऐकलाय.

लेकीने समजावलं की सिम्युलेटरवाल्यांनी जगभरचे सगळे विमानतळ नीट करणं शक्य नाही. मग हौशी लोक घरी बसून आपापल्या विमानतळाची हुबेहूब सीनरी करतात, आणि ज्याला हवी तो ती आपल्या सिम्युलेटरला जोडून घेतो. यांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेला. तो अजून परत मिळालेला नाही.

अडीच वर्षं चाललं हे. एका बाजूला माझं मशीन खडखडतंय, दुसऱ्या बाजूला हे नाकावर चष्मा ओढून एकेक खिडकी रंगवताहेत. अडलं की लेकीला फोन. जुन्या सोबत्यांच्या घरी जाऊन फोटोंचे अल्बम आणले. माझी माप घ्यायची टेप तर मला कधी जागेवर सापडली नाही. जुन्या विमानतळावरचा एक बाक आता कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात आहे. हे त्याचं माप घ्यायला गेले आणि दाढी न करताच परत आले. धावपट्टीवरच्या भेगा, चाकांचे काळे पट्टे, फाटकाचा गंज, सगळं जिथल्या तिथे. कुंपणाबाहेर डाव्या हाताला अकरा निलगिरीची झाडं होती. त्यांचे शेंडे दरवर्षी छाटले जायचे. छाटण्याआधीची उंची ठेवायची की नंतरची, यावर यांचे तीन दिवस गेले. शेवटी आधीचीच ठेवली.

"अहो, झाडंच ती. कोण बघणार आहे?" मी म्हटलं.

"त्या वर्षी छाटणी उशिरा झाली होती."

कुठलं वर्ष ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. एकतीस वर्षांतलं हेच एक वर्ष यांनी निवडलं होतं, ज्या वर्षी मेमो मिळाला ते. मनातली गाठ शर्टांच्या खाली ठेवून सुटत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, आणि मला यांची फार माया वाटली. अर्थात टेपबद्दल ओरडायची ती ओरडलेच.

सीनरी झाली. लेकीने ती इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या मंडळात बघायला दिली. आठवडाभरात लोकांचे शेरे यायला लागले. जमिनीवरून बघताना डोळे दिपले, असं जो तो लिहीत होता. पण वरून? एकाने लिहिलं, 'विमानतळ देखणा आहे, फक्त टकला आहे.'

छपरं! सगळ्या इमारतींची छपरं सपाट करडी, वर काही नाही. भिंतीवरचा पोपडा न् पोपडा दाखवणाऱ्या माणसाने छपरं कधी पाहिलीच नव्हती. जन्मभर जमिनीवर. सिम्युलेटरमध्येसुद्धा हे आपल्या विमानतळावर पायीच फिरायचे, माणसाच्या उंचीवरून, दिवे तपासत! मी तर कपाळावर हात मारून घेतला. पँट शिवायची आणि पाय घालायला जागाच ठेवायची नाही, तशातली गत.

वरून काढलेला त्या काळचा एक फोटो मिळाला, तो नुसता धुरकट. मग वरून बघितलेलं माणूसच शोधायला हवं. आणि त्या काळचा एकच वैमानिक निवृत्तीनंतर आमच्या गावात येऊन राहिलाय, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. तोच तो. कॅप्टन.

"खबरदार!" मी म्हटलं. "त्या माणसाला घरात घ्याल तर!"

"येऊ दे गं," हे शांतपणे म्हणाले. "छपरं त्यांनी सांगावीत. दिवे मी दाखवतो."

आणि स्वतः फोन लावला.

कॅप्टन ठरल्या वेळेला दुपारी तीनला आले. मी मनात कोण राक्षस रंगवला होता, आणि दारात उभा एक वाळलेला म्हातारा, पँट कमरेला दोन इंच सैल. तरी मी ठरवलं होतं त्याप्रमाणे नुसतं पाणी दिलं. चहा नाही.

पण माणूस छपरांवर जो सुटला! कुठल्या छपराला गळती होती म्हणून डांबराचा पट्टा मारलेला, अग्निशमनवाल्यांच्या छपरावर कायम वाळत पडलेली एक लाल सतरंजी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. "आणि तुमच्या जनरेटरच्या खोलीवर एक मोडकी खुर्ची होती. कितीतरी वर्षं."

"ती खुर्ची!" हे ताडकन उठले. "अहो साहेब, ती हरवली म्हणून आमच्या ऑफिसात चौकशी बसली होती!"

दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसले. मला हसू येत होतं, ते मी दाबून टाकलं. नवरा असा भोळा, की ज्याने नाक कापलं त्याच्याच हातावर टाळी देतोय. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"छपरं झाली असतील तर आता खालचंही बघा," मी मशीनवरूनच म्हटलं. "ते हिरवे दिवे मोजा. चौदा भरतात का बघा. त्यातल्या तीन दिव्यांपायी या माणसाला मेमो मिळालाय."

हे जमिनीकडे बघायला लागले. कॅप्टनचा चेहरा उतरला.

"मेमो तुम्हाला मिळाला?" त्यांनी यांना विचारलं. "मी फक्त तक्रार लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा मार्ग बदलला. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, वाईट वाटतंय. पण खोटं नाही बोलणार. ते दिवे मला दिसले नव्हते."

"दिवे चालू होते," हे म्हणाले. बावीस वर्षांनी, ज्याला सांगायचं त्यालाच.

"उतरवून बघू या?" कॅप्टन म्हणाले.

यांनी पडदे ओढले आणि सिम्युलेटरमध्ये संध्याकाळ लावली. कॅप्टननी विमान लांबून, सरळ रेषेत आणलं. हे मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन... चौदा! मी मनात म्हटलं, आता बोल!

कॅप्टन मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. "त्या दिवशी मी सरळ आलो नव्हतो. वारा उलटा होता. टेकडीला वळसा घालून, खालून, डावीकडून आलो होतो. थांबा."

पुन्हा विमान वर नेलं. टेकडीमागून वळवलं, खाली आणलं. कुंपणाबाहेरच्या निलगिरी समोर आल्या, ते उंच, न छाटलेले शेंडे. हे मोजायला लागले. "एक, दोन..." आणि अकरावर आवाज थांबला.

डावीकडचे तीन दिवे झाडांच्या मागे गेले होते.

"हेच," कॅप्टन हळूच म्हणाले. "हेच मी पाहिलं होतं."

विमान झाडांवरून पुढे सरकलं आणि तिन्ही दिवे जसेच्या तसे पुन्हा समोर. हे म्हणाले, "हे बघा, आले! मग तेव्हा नाही दिसले?"

"अहो, तोवर माझं सगळं लक्ष चाकं टेकवण्यात. कडेचे दिवे कोण मोजत बसतं?"

"मी मोजतो," हे म्हणाले.

पुन्हा पुन्हा उतरवून बघितलं, पाच वेळा. दर वेळी अकरा, आणि झाडं ओलांडली की चौदा. तक्रारीनंतर दोन आठवड्यांनी ठेकेदाराने शेंडे छाटले, आणि खरं काय ते त्या शेंड्यांबरोबर कापलं गेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रोज त्या झाडांसमोरून जीप नेणाऱ्या माझ्या नवऱ्याला ते कळायला स्वतःच्या हातांनी झाडं पुन्हा लावावी लागली.

कॅप्टन खुर्चीतून उठले, यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दिवेवाले, दिवे चालू होते."

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "आणि साहेब, तुम्हाला दिसले नव्हते, हेही खरं."

मला तिथे उभं राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि चहा टाकला, आलं ठेचून, तीन कप. बाहेर आले तर टेबलावर मेमो. यांनी शर्टांच्या खालून काढून आणला होता, आणि कॅप्टन त्याच्या पाठीवर लिहीत होते की त्या संध्याकाळी चौदाही दिवे चालू होते, मधे झाडं आली. खाली सही, तारीख. जाताना मी त्यांना थांबवून कमरेचं माप घेतलं. म्हटलं, पँट आणून द्या, बसवून देते.

छपरं झाली, सतरंजी वाळत पडली, मोडकी खुर्चीसुद्धा वर चढली. सीनरी आता कुठल्या कुठल्या देशांतले लोक घरी बसून वापरतात. परवा त्यांच्यातल्या एकाने लेकीमार्फत तक्रार पाठवली. लिहिलं होतं, 'टेकडीकडून येताना डावीकडचे तीन हिरवे दिवे बंद दिसतात. दुरुस्त करावेत.'

मी म्हटलं, "अहो, छाटा ना ते शेंडे. एका बोटाचं काम."

"छाटले तर?" हे म्हणाले. "कॅप्टन पुन्हा खोटे ठरतील."

आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत यांनी उत्तर लिहायला घेतलं, 'दिवे चालू आहेत. मधे झाडं येतात. टेकडीकडून येणाऱ्यांनी जरा वरून यावं.' मला वाचून दाखवलं. मग लेकीला फोन लावून म्हणाले, पाठव, तक्रार बरोबर आहे असंही लिही.