खिडकीपुरता हिरवा

त्या दगडाबद्दल आमच्या घरात एकच वाक्य सांगितलं जातं. "दगड खरा होता." बाबा ते पाहुण्यांना सांगतात, आणि सांगताना ताठ बसतात. मला त्या वाक्याची चीड येते. ते खोटं असतं तर इतकी आली नसती.

आमचं घर विणकरांचं. बाबांनी तरुणपणीच माग सोडला आणि नागपूरच्या इतवारीत सुताच्या ठोक दुकानात नोकरी धरली. मला त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. मी घरात इंग्रजी बोलावं अशी त्यांची फार हौस होती, आणि मी तर कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे.

घरात माग चालवणारी एकच उरली होती, माझी आत्या. बाबांची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली ती कायमची. तिचा माग समोरच्या खोलीत होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं. मी आठवीत असताना बाबांनी तो खड्डा बुजवला आणि वर सिमेंट घातलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या तर त्यांना बसायला खोली हवी, हे कारण. मैत्रिणी कधी आल्या नाहीत. आत्या दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीनं विणायला जाऊ लागली आणि घरात तिचं अंथरूण स्वयंपाकघराच्या बोळात गेलं.

तिला एक जागा घ्यायची होती. उमरेड रोडला एका गवळ्याची जमीन होती, तिच्यातला एक तुकडा त्यानं तिच्यासाठी दिवाळीपर्यंत थांबवून ठेवला होता. एकदा ती मला तिथं घेऊन गेली. नुसतं गवत आणि दोन बाभळी. तिनं चप्पल काढली, एका ठिकाणी टाच दाबली आणि म्हणाली, "इथं खड्डा खोदतो मी. उजेड डाव्या अंगानं आला पाह्यजे. आन् इथं चूल. झालं माह्यं." एवढ्या आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

त्याच पावसाळ्यात बर्मावाले सेठ आले. त्यांना सगळे असंच म्हणत. रंगूनचं दुकान सोडून आलेले, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरलेले, सफेद कपडे, हळू बोलणं. त्यांच्याकडे दगड होते. जेड. चिनी लोक सोन्यापेक्षा याला मानतात, बर्मानं माल बंद केला आहे, आता भाव फक्त चढणार, असं ते बाबांच्या दुकानात बसून सांगत. दगड दिसायला मातकट, मोठ्या रताळ्यासारखा. पण एका बाजूला त्याची साल घासून काढलेली होती. तळहाताएवढी चकचकीत जागा. तिला ते खिडकी म्हणत. खिडकीवर टॉर्च लावला की आत हिरवा उजेड पसरे, नागवेलीच्या पानातून ऊन यावं तसा. मी तो पाहिला आहे. सुंदर होता, हे नाकारत नाही.

बाबांनी आत्याकडे विषय काढला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"बाई, तुह्ये पैसे सेठच्या दगडात घाल, दिवाळीपर्यंत थांब. गवळ्याच्या त्या तुकड्यावर एका खोलीच्या जागी दोन उठतील."

"मले दोन खोल्या काहून पाह्यजेत गा? मी एकटी."

"तुले जन्मभर मागावरच्या धोट्याच्या पुढचं दिसलंच नाही."

"त्याच धोट्यानं तुले शाळेत धाडलं," आत्या म्हणाली आणि भाकरी मोडत राहिली.

पण बाबा रोज बोलत राहिले. ज्याच्या घरात राहायचं त्याला रोज नाही म्हणणं सोपं नसतं. शेवटी ती म्हणाली, "आण त्याले घरी. रंग मी पाहतो."

ही चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते. रंगाऱ्याकडून सूत आलं की आमच्याकडे त्याची परीक्षा करतात. रंगीत लडीभोवती पांढरं सूत गुंडाळायचं, सोड्याच्या पाण्यात उकळायचं. पांढऱ्यावर डाग आला तर रंग कच्चा, लडी परत. आत्याची यात कधी चूक झाली नव्हती. तिनं तो दगड पांढऱ्या सुतात गुंडाळला आणि अंगणातल्या चुलीवर पातेल्यात उकळायला ठेवला. सेठ खुर्चीवर बसून बघत होते. "करो बहनजी, दस बार करो," म्हणाले. का नाही म्हणणार? त्यांना ठाऊक होतं की दगड रंगवलेला नाही.

सूत पांढरं निघालं. खिडकी तशीच हिरवी. आत्यानं अंगठा घासून पाहिला, पुन्हा पाहिला. "पक्का हाय," ती म्हणाली. सगळ्या व्यवहारात तिनं स्वतः काही ठरवलं असेल तर एवढंच, आणि तेवढ्यावर तिनं लुगड्याच्या घडीतून आपली पुरचुंडी काढली. त्यात तिचं सोनं होतं आणि आजवरची मजुरी.

मग कागद आला. छापील, इंग्रजीत. बाबांनी मला बोलावलं. "वाच. सेठजींना ऐकू दे." त्यांना अर्थ नको होता, माझे उच्चार हवे होते. मी वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की उघड्या भागाच्या पलीकडे रंग किंवा प्रत काय असेल याची विकणारा हमी देत नाही. मी तेही वाचलं आणि मराठीत सांगितलं, "बाबा, आत कसा असेल याची हमी नाही असं लिहिलंय."

सेठ हसले. "बेटी, ऐसा तो हर कागज पे लिखा रहता है. रेल के टिकट पे भी लिखा रहता है."

बाबा त्यांच्याहून मोठ्यानं हसले. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आणखी एकदा सांगितलं असतं तर कदाचित तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली असती. पण माझे कान तापले होते. मी कागद खाली ठेवला आणि आत निघून गेले. अर्ध्या आवाजात, एकदाच. माझी बाजू तेवढीच आहे, आणि माझा राग त्यातून मलाही सोडत नाही.

दिवाळी आली. दगडाला गिऱ्हाईक आलं नाही. नागपुरात जेड घेतं कोण? सराफ माणिक ओळखतात, पाचू ओळखतात. जेड पाहून ते बाबांनाच विचारत, "हे काय आहे?" गवळी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो जागा दुसऱ्याला दिली हे सांगायला.

उन्हाळ्यात जयपूरचा एक रत्नांना पैलू पाडणारा सराफ्यात आला होता. बाबा त्याच्याकडे दगड घेऊन गेले. आत्याही गेली आणि मला सोबत नेलं. तो म्हणाला, कापल्याशिवाय किंमत सांगणं म्हणजे जुगार. फरशी कापणाऱ्याच्या कारखान्यात पाणी सोडत सोडत दगड चिरला. दोन भाग वेगळे झाले. आत पांढुरका, मळकट, काळे ठिपके असलेला दगड. हिरवा रंग खिडकीखाली नखाएवढा जाड, बस.

"माल असली है," जयपूरचा माणूस म्हणाला. "रंग खिडकी का है. जहाँ हरा झलकता है, वहीं घिसते हैं ये लोग. हम खुद बंद पत्थर को हाथ नहीं लगाते."

आत्यानं ओल्या चिरेवर अंगठा घासला. "मंग माह्या उकळण्यानं काय समजलं?" तिनं विचारलं. 

बाबा तसेच लॉजवर गेले. मला वाटलं, सेठ पळाले असतील. पळाले नव्हते. त्यांनी बाबांना चहा पाजला. नकली निघाला तर माझी मान कापा, आतलं तर देवालाच ठाऊक, असं म्हणाले आणि दुसरा दगड दाखवला. बाबा घरी आले ते त्यांची तारीफ करत. "माणूस इमानदार आहे. तोंड लपवलं नाही त्यानं." बहिणीचे पैसे बुडाले त्या दिवशी माझ्या वडिलांना भरून आलं ते त्या माणसाच्या इमानदारीनं.

दुसरा दगड आला नाही, कारण त्यात घालायला घरात काही उरलं नव्हतं.

आता मी बँकेत नोकरी करते. आत्या अजून दुसऱ्याच्या मागावर बसते. मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसमधल्या बाई घरी आल्या, तर बाबांनी पुन्हा काढलं. बर्मा, जेड, सेठ. "दगड खरा होता, बरं का. फसवलं नाही कोणी."

मी म्हणाले, "आत्याची जागा गेली त्यात, बाबा."

एवढंच. बाई चहाच्या कपाकडे बघू लागल्या. बाबा लाल झाले. "यासाठीच शिकवलं का तुले? चार लोकांत बापाले बोलायले?"

मी पुढचं वाक्य तोंडात आणलं होतं. या वेळी पूर्ण आवाजात बोलणार होते. तेवढ्यात बोळातून आत्याचा आवाज आला. "जाऊ दे वं पोरी. पावणे हायेत."

आणि मी गप्प बसले. तिनं सांगितलं म्हणून. बाबांचा राग दोन दिवसांत गेला. माझा त्या "जाऊ दे"वर आहे. ते तिच्याकडून आम्ही सगळ्यांनी मिळून म्हणवून घेतलं आहे.